चार मोठे, चार बारके

कल्याणने अंगठ्याने मोबाईलच्या वेगाची पट्टी डावीकडे सरकवली. मोबाईलच्या पोटात आठ बैल असतात, तो बायकोला सांगत होता, चार मोठे, चार बारके. काल आठही जुंपले होते, म्हणून चित्र पाण्यासारखं वाहत होतं आणि ऊन चढायच्या आतच बॅटरी मेली. आज मोठे चार सावलीला बांधले. बारक्यांनाही अर्ध्या चालीनेच हाकायचं. दोन पावसाळे त्याने शेवगावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काढले होते. ऊसतोडीच्या टोळीत एवढं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

रोहिणी कोयता काखेत धरून उभी होती. मागे पाचटाच्या कोपीत टांगलेल्या झोळीत त्यांची लेक जया झोपलेली. अजून पाऊल टाकत नव्हती, पण रांगायला लई चपळ.

"सांजपातुर टिकंल?"

"टिकंल. चित्र जरा अडखळंल, एवढंच."

त्याने मोबाईल कोपीच्या कुडाला बांधला, कॅमेरा झोळीकडे. रोहिणीच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. दाराला पत्रा आडवा केला. लेकरं फडात आणायची नाहीत असं मुकादमाने बजावलं होतं. पलीकडच्या उभ्या उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन बसली होती. आणि टोळीची पोरं सांभाळणारी म्हातारी तापाने गावी गेलेली. दुसऱ्या बायांनी मग आपली लेकरं गावाकडे आजीपाशी धाडली होती. जयाला आजी नव्हती.

फड. कोयता. ऊस आडवा. शेंड्याचं वाढं तोडायचं, मोळी बांधायची. कमरेचा मोबाईल काढायचा.

जया झोळीत. उजवी मूठ तोंडापाशी. गालावर माशी.

परत खोचायचा. कोयता.

काल चित्र गेलं तशी ती कोपीकडे पळाली होती. पोरगी निवांत झोपलेली. इकडे ट्रॅक्टर भरायला उशीर झाला, गोरक्षनाथ मुकादम वाट्टेल ते बोलला, आणि बायांनी तिचं नाव टीव्हीवाली पाडलं. शेजारच्या सरीत तोडणारी कडूबाई तर सकाळीच विचारून गेली, आज कोणची मालिका गं. आमची पोरं बिनटीव्हीची वाढली बाई.

आज पळायचं नाही असं रोहिणीने ठरवलं होतं.

ऊस. मोळी. मोबाईल.

जया झोळीत. उजवी मूठ तोंडापाशी. गालावर माशी.

तिने पदराने स्क्रीन पुसली. माशी गेली नाही. स्वतःच्याच खुळेपणाचं तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. ती हळू आवाजात मोबाईलमध्ये बोलली, जये. मग वाटलं, उठली तर झोळीतून उतरेल. उठली नाही तर? जरा मोठ्याने म्हणाली, जये.

जया झोळीत. उजवी मूठ तोंडापाशी. गालावर माशी.

तिने कल्याणला हाक मारली. तो हात पुसत आला, बघितलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. झोपलीय की. वर बघ, कॉलचे आकडे पळतायत. कॉल तुटला असता तर तसं लिहून आलं असतं. मुकादमही वाकला. त्यालाही झोपलेलीच दिसली. टीव्ही बंद करा आन् कोयते चालू करा, म्हणाला. लोक हसले.

कडूबाई हसली नाही. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला होता.

"ही माशी मघापास्न हितंच हाय का गं?"

रोहिणीने मान हलवली.

"माशी एवढा येळ बसती व्हय एका जागी?"

कोयता पडला आणि रोहिणी पळाली बुडख्यांवरून पाचटावरून चप्पल राहिली तिकडेच कुणी हाक मारतंय मारू दे बांध ओलांडला पाट ओलांडला कोपी दिसते दाराचा पत्रा तसाच मग बरं असेल सगळं नाही पत्र्याजवळच्या कुडाला फट एवढीशी आणि फटीतून बाहेर मातीत दोन ओळी दोन गुडघ्यांच्या कोपीकडून उभ्या उसाकडे

जया उसाच्या कडेला बसली होती.

पाठ इकडे. एक हात पुढे केलेला. आतल्या कशाकडे तरी बघून हसत होती. पाती हलत होती. वारा नव्हता.

ती कशाकडे बघतेय ते रोहिणीने बघितलं नाही. उचललं. छातीशी दाबलं आणि जी मागे फिरली ती फडात येईपर्यंत थांबली नाही.

फडात कल्याण मोबाईलवर अंगठा घासत होता. डावीकडे, उजवीकडे. पट्टी या मोबाईलमध्ये नव्हती. ती तिकडे कोपीत, कुडाला बांधलेली. रोहिणीला येताना त्याने पाहिलं, तिच्या कडेवरचं पाहिलं, आणि हातातल्या चित्राकडे पाहिलं.

कडूबाईने जयाच्या तोंडात बोट घालून माती काढली. गुडघे सोललेले. रडत नव्हती ती, उसाकडेच मान वळवत होती. मुकादम घसा खाकरून लांब गेला. तिकडून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. परत दिला.

रोहिणीने पदर सोडला, जयाला पाठीवर घेतलं आणि घट्ट आवळून पोटावर दोन गाठी मारल्या. लेकरं फडात आणायची नाहीत. कोयता उचलला.

कल्याणने कॉल कापायला अंगठा नेला.

"ऱ्हाऊ द्या चालू," ती म्हणाली. "तितं तरी झोपू द्या तिला."