तळ्याकाठची कात

तळं बुजवायचं की नाही, याची सुनावणी चालू होती. मुलीने डबी उघडून चतुराची कात टेबलावर ठेवली. उडता चतुर कुठूनही येईल, पण काठावर त्याची कात सापडली म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. आज तेच वडील बांधकाम कंपनीचे तज्ज्ञ म्हणून समोर बसले होते.

त्यांनी भिंगातून कात बराच वेळ निरखली. "जात दुर्मिळ आहे, यात वाद नाही. पण कात हलकी असते. वाऱ्याने कुठूनही उडून आली असेल."

"बाबा, गवताच्या पात्याला धरून आहे ती अजून."

"पातंही उडतं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

तळं बुजवायला परवानगी मिळाली. ती जिना उतरत असताना वडिलांनी तिला गाठलं. त्यांच्या तोंडून एकदा तरी शाबासकी ऐकावी म्हणून ती लहानपणापासून झुरली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "ओळखलीस मात्र अचूक. तुझ्या वयात मलाही जमलं नसतं."