हिरवी गाठ

भंगारातले जुने व्हॅक्यूम क्लीनर आणून ते पुन्हा चालते करायचे, हा अप्पांचा नाद. घरातला केर मात्र बायको झाडूनेच काढायची.

आज त्यांनी टेबलावरच्या, नुकत्याच आणलेल्या मशीनचं झाकण उघडलं आणि ते बघतच राहिले. आतली मोटर लख्ख पुसलेली, वायर नवीकोरी, आणि वायरीला हिरव्या दोऱ्याची दुहेरी गाठ! अशी गाठ फक्त तेच मारत. ती त्यांची सहीच होती म्हणा ना.

त्यांनी बायकोला खोलीत बोलावलं आणि कडी लावून घेतली.

"माझ्या माघारी कुणीतरी इथे शिरतंय गं. या मशीनला मी अजून हातसुद्धा लावलेला नाही, आणि आत बघ, हुबेहूब माझी गाठ!"

तिने गाठ पाहिली. मग झाकण हळूच लावलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मुलांच्या कानावर यातलं काही घालू नकोस," अप्पा कुजबुजले. "उगाच घाबरतील."

"नाही घालणार," ती म्हणाली. "कालही नाही घातलं."