हात मागे

तेजश्री बाळंतिणींच्या वॉर्डातली चपळ नर्स. बाळ रडलं की स्वतःच त्याला आईच्या छातीशी लावून द्यायची, आणि तिची पाठ वळली की बाळ सुटायचं. प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं, "तुझे हात मागे ठेव. आईलाच करू दे." आज रामनगरची पहिलटकरीण रडकुंडीला आली होती. सासू पावडरच्या दुधाची बाटली घेऊन उभीच होती. तेजश्रीचे हात शिवशिवत होते, तरी पाठीमागे बांधून ती नुसतं सांगत राहिली, "पोटाला पोट लाव. मान दाबू नकोस. त्याला मोठं तोंड उघडू दे, मग जवळ घे." बाळ निसटलं, पुन्हा निसटलं, मग चुटुचुटु प्यायला लागलं. पोरगी रडता रडता हसली. सासूने बाटली पिशवीत घातली. मग आपल्या हिंदीत पुटपुटली, "हमें तो किसी ने बताया ही नहीं." सून खाटेवर सरकली. "बैठिए, अम्मा."