अळूखालची ओल

पिंपळपानाचा देठ कोरता कोरता मशीन पुन्हा थांबलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि कोरणारं बिट लाकडात रुतून राहिलं. संजीवनीनं मेन बंद केला. फणसाची दुसरी फळी वाया गेली होती. भोरच्या विहाराच्या दारावर बसवायचं पान होतं ते. आता त्या फणसाची एकच फळी उरली होती.

मशीन विकणारा फोनवर म्हणाला, "वहिनी, तुमच्या पासली गावाला लाईटच धड नाही. मशीन पुण्याला हलवा, नाहीतर नाद सोडा."

"लाईट मीटरनं बघितली. बरोबर हाय," ती म्हणाली. "दोष काय तो मी हुडकते."

फोन ठेवून तिनं मेन पुन्हा चढवला. त्या विक्रेत्याच्याच सांगण्यावरून बसवलेला स्टॅबिलायझर कोपऱ्यात निवांत घुमत होता, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. तिनं होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेतला. फेज आणि न्यूट्रलवर तो लख्ख पेटला. न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगला लावली, तर आतली तार नुसती लालसर झाली. मशीनच्या अंगावर चढलेली वीज जमिनीत उतरवायची ती अर्थिंगची हिरवी वायर, पण तिच्यातून काही उतरतच नव्हतं.

मेन पुन्हा पाडून ती त्या वायरीच्या मागं मागं शेडच्या पाठीमागं गेली. वायर एका सळईला बांधली होती. तिनं उकरलं. वीतभर माती, पिठासारखी कोरडी, आणि खाली कातळ.

पहार घेऊन तिनं परड्यात जागोजागी ठोकून पाहिलं. सगळीकडं खणखण. फक्त न्हाणीमागं, सांडपाणी जिरायचं तिथं, पहार मुकाट आत गेली. तिथं सासूचा, रतनबाईचा अळूचा वाफा होता.

"पहार बाजूला ठेव," रतनबाई मागून म्हणाली. "हे गड्डे म्या माहेरातनं वटीत आनल्यात. समदी वाडी हितलीच पानं नेती."

"आत्या, ओली जागा हितंच हाय."

"त्या मशीनपायी माजा वाफा खांदनार व्हय?"

"मशीनच्या अंगात वीज उतरतीया. हात लावला की झिणझिण्या येत्यात. तीच कॉम्प्युटर बंद पाडती. तिला जमिनीत सोडायची तर खोल ओल लागती."

डाव्या हातानं उजवा हात चोळत रतनबाईनं विचारलं, "झिणझिण्या मशीनमुळं येत्यात?"

"व्हय. तुमी कवा हात लावला?"

"रोज सकाळी. तू मेन चढवून पाण्याला गेलीस का भुसा पुसती म्या, फडक्यानं." ती वाफ्याकडं बघत राहिली. "मला वाटलं, माजेच हात लुळं पडाया लागलं. आमच्या आयचं आसंच झालं हुतं. आदी हात, मंग समदं आंग. म्हनून कुनाला बोलली न्हाई."

संजीवनीनं पहार भिंतीला टेकवली. तोवर रतनबाई खाली बसली आणि एकेक गड्डा मातीसकट उपसून पाटीत ठेवू लागली.

"खांद," ती म्हणाली. "खोल खांद."

संजीवनीनं कमरेपर्यंत खड्डा नेला. काळी, गार माती निघत राहिली. तिनं लोखंडी पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ दाबलं, वर बादलीनं पाणी ओतलं. हिरवी वायर पाईपला घट्ट आवळली. मग मेन चढवून बल्ब लावला. आता तो अर्थिंगवरही लख्ख पेटला.

तिनं शेवटची फळी बसवली. फळीवरून एकदा हात फिरवला आणि मशीन सुरू केलं. बिट देठापाशी आलं. बिट देठ उतरून पुढं गेलं, पानाच्या शिरा कोरू लागलं.

दारातली रतनबाई आत आली. मशीन चालू असताना ती शेडमध्ये पहिल्यांदाच येत होती. पदराला हात पुसून तिनं लोखंडी चौकटीच्या कडेला एक बोट टेकवलं. थोडं थांबून तळवा ठेवला. मग दुसराही.

पान पुरं होईपर्यंत तिनं ते उचलले नाहीत.