नवी मांडणी

संगणकाचा पडदा उजळला आणि श्रेयाचा हात सवयीनं कोपऱ्याकडं गेला. ठोकळे जागेवर नव्हते.

"अगं, नवी मांडणी आलीय!" शेजारची रोहिणी हरखून म्हणाली. "सकाळीच आपल्या विशाल सरांनी टाकली. आता समदं झटक्यात सापडतंय म्हणं. चल, कर सुरू."

कर सुरू! सांगायला काय जातंय? ठोकळे म्हणजे पडद्यावरचे रंगीत हुकूम. ते एकाखाली एक जोडले की रोबोटची छोटी गाडी तसं वागते. पुढं जायचा ठोकळा कोपऱ्यात, वळायचा त्याच्या खाली, थांबायचा पार तळाला. श्रेयानं वर्षभर गाडी चालवली ती या पाठांतरावर. हात आपोआप जायचा, ठोकळा ओढून आणायचा, आणि गाडी नाकासमोर धावायची. कोऱ्हाळ्याच्या शाळेत सगळे म्हणायचे, पोरीचा हात बसलाय. हात बसला होता खरा. पण तिची नजर जात चालली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता कुणा शहाण्यानं सोयीसाठी म्हणून सगळी मांडणी बदलून ठेवली होती. आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्यानं भांडी लावावीत आणि आपल्याला चहाचं पातेलं सापडू नये, तसं झालं.

समोर तिला दिसत होता तो नुसता रंगांचा काला.

इंदापूरच्या शाळेचं सभागृह स्पर्धेला आलेल्या तालुक्या-तालुक्यांतल्या पोरांनी गच्च भरलं होतं. टेबलावर खोटं उसाचं रान होतं, खोटा कारखाना होता. गाडीनं रानातून कांड्या उचलायच्या आणि कारखान्याच्या गव्हाणीत नेऊन टाकायच्या, एवढंच काम. मागं खुर्चीवर श्रेयाचे आप्पा, तिचे वडील जयवंता, बसले होते. जयवंता सोमेश्वरच्या कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. आजची खेप दुसऱ्यावर टाकून, एसटीनं, लेकीचं कौतुक बघायला आला होता.

नेमकं तेच श्रेयाला नको होतं. आप्पांच्या देखत बिंग फुटलं तर?

थोरल्या काकांच्या लेकीचं, रतनचं, असंच झालं होतं. आधी तिन्हीसांजेला ठेचकाळायची, मग भर उन्हात. घरात कळलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता ती ओट्यावर शेंगा फोडत बसते आणि बाया तिला तिच्या तोंडावर 'बिचारी' म्हणतात. रतनचा विषय निघाला की आप्पा भरल्या ताटावरून उठायचे. डोळ्यांचं नाव आपल्या घरात काढायचं नाही, एवढं श्रेयाला त्यावरून चांगलंच कळलं होतं.

तिनं अंदाजानं एक ठोकळा ओढला. गाडी उलटी फिरली आणि कारखान्याच्या चिमणीवर जाऊन आदळली.

"आगं बया! काय करतीस?" रोहिणी कुजबुजली. "समोर तर हाय की! दिसंना व्हय तुला?"

श्रेयानं घाबरून हाताला येतील त्या कळा दाबल्या. आणि संगणक खणखणीत आवाजात बोलायला लागला.

"उजवीकडे वळा. ठोकळा. खाली जाण्यासाठी बाण दाबा."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. श्रेया धडपडून आवाज बंद करायला गेली, तर जी कळ दाबावी तिचंही नाव तो आवाज मोठ्यानं सांगत होता. मेल्यानं चव्हाट्यावरच आणलं.

परीक्षक बाई जवळ आल्या. "घाबरू नकोस. ही सोय नवीन आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. तुमच्यात कुणाला लागते का?"

"न्हाय, मॅडम, चुकून लागलं," रोहिणी घाईनं म्हणाली. "बंद करते."

तिचा हात पुढं आला. श्रेयानं तो मनगटात धरला. आवाज बंद झाला की पुन्हा तो काला, पुन्हा ती चिमणी. आणि चालू राहिला तर रतनशेजारी ओटा. तिला रडू येत होतं. पण त्या आवाजानं तिला आत्ताच एक ठोकळा नावानिशी दाखवला होता, आणि तो सोडवेना.

"राहू दे," ती म्हणाली. "मला लागतंय, मॅडम. मला दिसत न्हाय."

मागं एक खुर्ची करकरली. आप्पांच्या वहाणा दाराकडं गेल्या.

तरी श्रेयाची बोटं चालू लागली. बाण दाबायचा, ऐकायचं, जोडायचं. गाडी रानात गेली, कांड्या उचलल्या, वळली आणि गव्हाणीत नेऊन टाकल्या. टाळ्या पडल्या. तिचे कान मात्र दाराकडंच होते.

व्हरांड्यात जयवंता खांबाला टेकून उभा होता. विशाल सर श्रेयाला घेऊन बाहेर आले आणि त्याला काकुळतीनं सांगायला लागले, "जयवंतराव, पोरीला शाळेतून काढू नका. हुशार आहे हो! असल्या सोयी आता खूप आहेत. पुण्याला डॉक्टरांना दाखवू, मी येतो बरोबर."

जयवंतानं खांब सोडला. तो पुढं आला. श्रेयानं मान खाली घातली आणि चपराकीची वाट बघत राहिली. आधी खांदा चाचपून मग डोक्यावर हात आला.

मग दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो सरांच्या अगदी जवळ सरकला.

"सर, असलं बोलणारं कायतरी ट्रॅक्टरला बसवून मिळंल का? हंगाम संपायला अजून लय दिस हायेत."