गाळ बसेपर्यंत

मुलीकडचे लोक तासभर आधी आले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मैला होता.

शास्त्रीय भाषेत गाळ. एक लिटरच्या उभ्या काचेच्या नळीत भरलेला, चहाच्या रंगाचा. गौरांग आनंद नगरातल्या एका सोसायटीच्या सांडपाणी केंद्रावर केमिस्ट होता, कंत्राटी. दर रविवारी अकराला नमुना नळीत ओतायचा, तीस मिनिटं हलू द्यायचा नाही, मग गाळ कुठवर बसला त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आज तिथल्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली खिशात घालून गार्ड मेहुण्याच्या लग्नात नाचत होता. म्हणून नमुना घरी आला होता.

"या, बसा. टेबलाला हात लावू नका," गौरांगने स्वागत केलं.

उज्जैनहून आलेले विश्वनाथराव, त्यांची मुलगी क्षितिजा, गौरांग आणि त्याची आई सरोजबाई, असे चौघं पोह्यांच्या बशा हातात धरून नळीभोवती बसले. होमाला बसतात तसे.

"तलावातली माती आहे," सरोजबाई घाईघाईने म्हणाल्या.

"सांडपाणी आहे," गौरांग म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. शिवाय वास होता.

विश्वनाथरावांनी चमचा बशीत ठेवला. "स्पष्टच विचारतो. तुम्ही सेटल आहात का?"

आधीच्या तिन्ही स्थळांनी हेच विचारलं होतं आणि पोहे संपवून ती निघून गेली होती. तेव्हा गौरांगला फक्त पोह्यांचं वाईट वाटलं होतं. क्षितिजाची गोष्ट वेगळी होती. परवा तिने फोनवर पाऊण तास मुलांच्या पेपरातले निबंध वाचून दाखवले होते आणि ऐकता ऐकता त्याने वरण जाळलं होतं.

"कंत्राट मार्चपर्यंत आहे," तो म्हणाला.

"म्हणजे नाही."

"बाबा," क्षितिजा म्हणाली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. "माझ्या डिक्शनरीत या क्रियापदाचे चौदा अर्थ दिलेत. तुम्ही एकदम नवव्यावर गेलात. पहिला अर्थ तळाशी बसणे. ते यांचं चालू आहे."

"आणि नववा कधी?"

"मध्ये सात आहेत."

"बरखेड्याला दुसरं स्थळ बघायचंय, त्या मुलाचे चौदाच्या चौदा झालेत," विश्वनाथराव म्हणाले. "पक्की नोकरी, क्वार्टर, अंगणात पेरूचं झाड. बाराला पोचायचंय, नंतर ते लोक गावाला निघतायत." मग त्यांनी नळीकडे पाहिलं. "हे बसलं की निघू. कोणाच्या कामातून अर्धवट उठणं बरं दिसत नाही."

चौघांनी नळीवर डोळे लावले. आधी काहीच झालं नाही. मग वरच्या कडेला स्वच्छ पाण्याची एक रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकू लागली.

"आठशे," विश्वनाथराव नळीवरच्या खुणा वाचत म्हणाले. थोड्या वेळाने, "सहाशे." आता ते खुर्चीच्या टोकावर आले होते. "ताई, तुम्ही हलू नका हो, फरशी हादरते."

सरोजबाईंनी श्वासही बेताने घेतला.

गौरांग मनातल्या मनात गाळाला विनवत होता. अडक, तरंग, काहीही कर. एरवी महिन्यातून दोनदा बिघडणारा तो गाळ आज पहिल्या बाकावरच्या मुलासारखा शहाण्यासारखा बसत होता. एकोणतिसाव्या मिनिटाला रेघ तीनशेवर आली. वर नितळ पाणी, खाली दाट तपकिरी थर. इतका सुंदर निकाल त्याला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

"छान बसलं," विश्वनाथराव मनापासून म्हणाले आणि दाराशी जाऊन बूट घालू लागले. "चल गं. रिक्षा मिळेल ना इथे?"

क्षितिजा उठली. तिने ओढणी खांद्यावरून कमरेला खोचली, नळी दोन्ही हातांनी उचलली, नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि नळी उलटी केली. सुलटी केली. पुन्हा उलटी केली. सगळं परत चहाच्या रंगाचं झालं. दोन थेंब तिच्या मनगटावरून ओघळले.

"अगं, हात!" सरोजबाई ओरडल्या.

तिने नळी जपून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"बाबा, आता परत तीस मिनिटं."

विश्वनाथरावांनी घड्याळ पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. ती रेघेची वाट बघत होती. गौरांग तिच्याकडे बघत होता.

त्यांनी एका पायात चढवलेला बूट काढला.

"ताई," ते म्हणाले, "आधी हिला साबण द्या."