बरणीच्या बुडाचा शिक्का

मनकर्णेनं धडुत्यात गुंडाळलेली बरणी विनायकमास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"हिची किंमत नको मला," ती म्हणाली. "ही कधीची, तेवढं सांगा."

विनायकमास्तर शहरातल्या शनवारा पेठेत राहत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुकानांची नावं छापलेल्या चिनी मातीच्या जुन्या बरण्या जमवायचा नाद लागला होता. खामगावच्या, भुसावळच्या, इंदूरच्या. बरणी पाहून ती कधीची आणि किती मोलाची हे ते सांगत. म्हणून मनकर्णेच्या गावापर्यंत, बहादरपुरापर्यंत त्यांचं नाव गेलं होतं.

मनकर्णेचा नवरा दगा इंदूरला लोणच्याच्या कारखान्यात कामाला होता. होळकरांचं राज्य मध्यभारतात विलीन झालं त्याच उन्हाळ्यात तिथं पटकीची साथ आली. तेव्हापासून त्याची खबर नव्हती. आता पन्नास साल उजाडलं होतं आणि एका ट्रकवाल्यानं त्याच कारखान्याची ही बरणी घरी आणून दिली होती. हातोहात आलेली. कुणी धाडली, केव्हा धाडली, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"सासू म्हणते, त्यानंच आता धाडली. तो जित्ता हाय," मनकर्णा म्हणाली. "गाव म्हणतं, साथीच्या आधी धाडली असंल, कुठं तरी पडून राहिली. घरात रोज त्याच्यावरून भांडण. तुम्ही सांगाल ते सासू मानंल."

तिच्यासोबत गावातला भाईदास आला होता. तो दाराशी बसून म्हणाला, "नीट पाहा मास्तर. जल्दी नाही."

मास्तरांनी बरणी उजेडात तिरपी केली. पोटावर निळ्या अक्षरांत 'मनोहर लोणचे भांडार, इंदूर'. बुडाचा शिक्का झिलईत बुजला होता. त्यांनी भिंग घेतलं. अक्षरं हळूहळू लागली.

होळकर राज्य.

विलीनीकरणानंतर या भांडाराच्या बरण्यांवर 'मध्यभारत' असा शिक्का येऊ लागला होता. ही त्याआधीची, म्हणजे साथीच्याही आधीची. मास्तरांच्या फळीवर अशी एकही नव्हती. मागितली असती तर मिळालीही असती.

त्यांनी मान वर केली. मनकर्णेच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या. पदराचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं. तिला किंवा भाईदासला वाचता येत नव्हतं.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

"मध्यभारत," ते म्हणाले. "म्हणजे नवीन आहे. साथीच्या नंतरची."

"पक्का?"

"पक्का. जुनी नाही, म्हणून मोलही नाही. घेऊन जा. सासूबाईंना सांग, मुलगा सुखरूप आहे."

मनकर्णा मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून ती रडू लागली. आवाज मात्र नाही. हाती आलेली बरणी सोडताना मास्तरांचा जीव तुटला होता, पण आता त्यांना फार हलकं वाटत होतं. एका बाईचा संसार आपण राखला. तिच्यासाठी पाणी आणायला ते आत गेले.

तांब्या घेऊन ते परतले तेव्हा दोघं ओट्यावर उभी होती. भाईदास खाली मान घालून ऐकत होता.

"तू पुढं हो," मनकर्णा त्याला हलक्या आवाजात सांगत होती. "पंचांना सांग, आपलं ठरलेलं पाटाचं लगीन मोडलं. नवरा जित्ता हाय म्हणतात, आता मी तुझ्या घरी नांदायला कशी येऊ?"